चेंडू वर जात होता की खाली येत होता?

बास्केटकडे निघालेला चेंडू बचावपटूने हवेतच टोलवला आणि पंचाची शिट्टी वाजली, की गॅलरीत वाद पेटतो. बॉब कुरलंड आणि जॉर्ज मायकन हे सात फुटांच्या आसपास उंचीचे खेळाडू रिंगच्या वर हात नेऊन चेंडू सहज परतवू लागले, तेव्हा 1944 मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलने अशा अडवणुकीवर बंदी घातली. आजच्या नियमानुसार बास्केटकडे फेकलेला चेंडू खाली उतरू लागला असेल आणि पूर्णपणे रिंगच्या पातळीच्या वर असेल, तर बचावपटूने त्याला हात लावताच गुण फेकणाऱ्या संघाला मिळतात.

नियम वाचायला सोपा आहे, पण चेंडूने उतरायला सुरुवात केली हे पाहणे अवघड आहे. सर्वोच्च बिंदूपाशी चेंडूचा उभा वेग शून्य असतो, त्यामुळे पुढच्या दशांश सेकंदात तो जेमतेम 5 सेंमी खाली येतो, आणि चेंडूचा स्वतःचा व्यास तर सुमारे 24 सेंमी असतो.

दुसरी फसवणूक कोनाची आहे. रिंग 3.05 मीटर उंचीवर असते आणि पंचाचे डोळे साधारण 1.75 मीटरवर. समजा, पंच रिंगपासून 5 मीटर दूर उभा आहे आणि चेंडू रिंगच्याच उंचीवर, पण पंचाच्या बाजूला 1 मीटर अलीकडे आहे. गणित मांडले तर तो चेंडू रिंगपेक्षा सुमारे 32 सेंमी वर भासतो, म्हणजे चांगला पंचही त्याला ‘पूर्णपणे वर’ म्हणून बसेल. तोच पंच 10 मीटरवर असेल, तर हा फरक 14 सेंमीवर येतो. आणि चेंडू व रिंग त्याच्यापासून सारख्याच अंतरावर असतील, अशा बाजूच्या जागेवरून पाहिल्यास तो उरतच नाही. म्हणूनच तीन पंचांच्या सामन्यात ही जबाबदारी बास्केटजवळच्या पंचावर नव्हे, तर मुख्यतः मागच्या आणि बाजूच्या पंचावर असते. माझ्या मते, तीक्ष्ण नजरेपेक्षा उभे राहण्याची जागा इथे जास्त मोलाची आहे.

चेंडू रिंगला लागल्यावर मात्र नियमच बदलतात. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये रिंगच्या वर एक अदृश्य नळकांडे मानले जाते आणि त्यातल्या चेंडूला स्पर्श करता येत नाही. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक) वगळता, रिंगला लागलेला चेंडू कोणीही उडवू शकतो, फक्त चेंडू रिंगवर असताना रिंगला किंवा बोर्डाला हात लावायचा नाही.

फाउल ठरवतानाही नळकांडेच उपयोगी पडते. प्रत्येक खेळाडूभोवती जमिनीपासून वरपर्यंत अशी एक जागा त्याची स्वतःची मानली जाते, त्यामुळे हात वर करून सरळ उडी मारणाऱ्या बचावपटूवर कोणी आदळले, तर दोष बचावपटूचा नसतो. ते ठरवण्यासाठी दोघांच्या अंगांमधली फट दिसावी लागते. ती झाकली गेली, की अनुभवी पंच शिट्टी वाजवण्याआधी एक पाऊल बाजूला सरकलेला दिसतो.