वाहनातील फेरबदल आणि वॉरंटी

नव्या मोटारीच्या मालकाने कारखान्यातून आलेल्या रचनेत बदल केला, किंवा उत्पादकाने मान्य न केलेला भाग बाहेरून बसवून घेतला, तर वॉरंटीच्या संरक्षणावर होणारा परिणाम या नोंदीत भारतातील कायदा आणि व्यवहार यांच्या संदर्भात दिला आहे. वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत किंवा ठरावीक किलोमीटरच्या आत, साहित्यातील अथवा निर्मितीतील दोषामुळे बिघडलेला भाग विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची उत्पादकाची हमी. ‘बाहेरून काही बसवलंत तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य शोरूममध्ये गाडीची किल्ली हाती पडण्याआधीच ऐकू येते. तांत्रिक आणि कायदेशीर दृष्टीने ते अर्धेच खरे आहे. फेरबदलामुळे सहसा गाडीची सगळी वॉरंटी संपत नाही. बदल ज्या भागाला भिडतो तो भाग, आणि त्या बदलामुळे ज्यांना इजा झाली ते भाग, एवढ्यांचेच संरक्षण जाते. मात्र इजेची ही साखळी कुठपर्यंत पोहोचली याचा पहिला निवाडा सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार करतो, आणि बहुतेक वाद तिथेच सुरू होतात.

भारतात प्रवासी मोटारींना साधारण ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर ही मूळ वॉरंटी आता रूढ झाली आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली जुनी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरची मर्यादा याच पातळीवर आणली. टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी यांची हमी त्या-त्या वस्तूंचे उत्पादक देतात. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांसारखे झिजणारे भाग वॉरंटीत जवळजवळ नसतातच. वॉरंटी पुस्तिकेतील अपवादांची यादी सर्वांत लक्षपूर्वक वाचावी अशी, आणि सर्वांत कमी वाचली जाणारी. तीत फेरबदलांविषयी दोन प्रकारची भाषा आढळते. ‘अमान्य फेरबदलामुळे झालेले नुकसान वॉरंटीत येणार नाही’ हा एक प्रकार, आणि ‘वाहनात फेरबदल केल्यास वॉरंटी रद्द होईल’ हा दुसरा. पहिल्यात बदल आणि बिघाड यांचा कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. दुसऱ्यात कंपनी तो दाखवण्याच्या जबाबदारीतूनच सुटू पाहते.

वीजव्यवस्था

नाकारल्या जाणाऱ्या दाव्यांचा मोठा उगम इंजिनात नसून वायरिंगमध्ये असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कोणत्याही शहरातल्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात सर्वाधिक खपणाऱ्या वस्तू पाहिल्या, तर म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, हेडलाइटचे बल्ब, हॉर्न, डॅशकॅम, सेंट्रल लॉकिंग या सगळ्यांना वीज लागते. ती कुठून आणि कशी घेतली यावर पुढचे सारे ठरते. मूळ जोडणीत बसणारा कपलर वापरला तर वायर कापावी लागत नाही आणि वस्तू काढली की गाडी पूर्ववत होते. वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेला सांधा मात्र कोकणातल्या एका पावसाळ्यात हिरवा पडू शकतो. तिथे रोध वाढतो, सांधा तापतो, आणि जळलेल्या वायरिंगचा दावा नाकारणे सर्व्हिस सेंटरला अगदी सोपे जाते.

बल्बचे उदाहरण बोलके आहे. एच४ प्रकारचा मूळ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. बाजारात १००/९० वॉटचेही मिळतात. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेतो, तर १०० वॉटचा ८ अँपिअरच्या पुढे जातो. एवढ्या प्रवाहासाठी न बनवलेला होल्डर वितळतो, हेडलाइटची काचही पिवळी पडते. म्हणून जुने इलेक्ट्रिशियन बॅटरीवरून थेट वीज घेणारा रिले किट बसवायला सांगत. नव्या गाड्यांत अडचण उलट दिशेनेही येते. दिव्यांवर नियंत्रण ठेवणारे बॉडी कंट्रोल मॉड्यूल प्रवाह मोजते. बाहेरून आणलेला एलईडी बल्ब फार कमी प्रवाह घेतो, तेव्हा मॉड्यूलला बल्ब उडाल्यासारखे वाटते आणि ते इशारा देते.

याच मॉड्यूलमुळे वादाचे क्षेत्र वाढले आहे. आजच्या मोटारीत इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा), एअरबॅग यांचे संगणक ‘कॅन’ नावाच्या सामाईक तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्या तारांत कुणी हात घातला तर स्टिअरिंगपासून एबीएसपर्यंत कुठेही त्रुटिसंकेत उमटू शकतात. त्यामुळे स्टीरिओ बाहेरून बसवलेल्या गाडीत एबीएसचा दिवा लागल्यावर सल्लागाराने स्टीरिओकडे बोट दाखवणे ही दर वेळी टाळाटाळ नसते. पण त्याच स्टीरिओचे कारण देऊन एसीचा गळका कंडेन्सर किंवा आवाज करणारा व्हील बेअरिंग नाकारला, तर ती निव्वळ टाळाटाळच.

शोरूममधून घेतलेली अ‍ॅक्सेसरी म्हणजे कंपनीची, हाही एक गैरसमज. काही विक्रेते कंपनीचा भाग क्रमांक असलेली वस्तू आणि स्थानिक बाजारातून आणलेली वस्तू एकाच काउंटरवर विकतात. फरक बिलात दिसतो. कंपनीच्या भागाला भाग क्रमांक असतो आणि त्याची स्वतःची वॉरंटी असते. ती गाडीच्या वॉरंटीएवढीच असेल असे नाही.

इंजिन आणि सॉफ्टवेअर

टर्बो इंजिनाच्या ईसीयूतील, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील, आज्ञावली बदलून ताकद वाढवणे, म्हणजे रिमॅप, हा फेरबदल सर्वांत वादग्रस्त ठरतो. बाहेरून काही दिसत नाही आणि पैसे मोजल्याचा परिणाम लगेच जाणवतो. धोका कुठे असतो हे पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या गाड्यांवरून समजते. स्कोडा-फोक्सवॅगनच्या कुशाक, स्लाव्हिया, टायगुन आणि व्हर्टस यांतील १.५ लिटर टीएसआय इंजिन २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ, देते. त्याला जोडलेल्या कोरड्या क्लचच्या सात गतींच्या डीएसजी (दोन क्लचच्या स्वयंचलित) गिअरबॉक्सची कमाल क्षमताही तेवढीच आहे. म्हणजे रिमॅपने वाढवलेला प्रत्येक न्यूटन मीटर गिअरबॉक्सच्या मर्यादेपलीकडचा. अशा गाडीचा क्लच किंवा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा नियंत्रक) भाग गेला आणि दावा नाकारला गेला, तर त्यात उत्पादकाची बाजू भक्कम असते.

सर्व्हिसला देण्यापूर्वी मूळ आज्ञावली परत टाकली की काम झाले, असे गॅरेजमध्ये सांगितले जाते. ते भरवशाचे नाही. अनेक ईसीयू किती वेळा आज्ञावली लिहिली गेली याची मोजणी ठेवतात. निदानयंत्र जोडल्यावर आज्ञावलीची पडताळणी-संख्या मूळ संख्येशी ताडून पाहता येते. फोक्सवॅगन समूहात असा फरक आढळलेल्या गाडीच्या नोंदीवर ‘टीडी१’ ही खूण पडते, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचे दावे अडतात. सेन्सरच्या तारेत मधेच बसवायची ट्युनिंग बॉक्स काढून टाकली तर आज्ञावलीत खूण राहत नाही, पण टर्बोच्या दाबाची नोंदलेली अवाजवी मूल्ये मागे राहू शकतात. डिझेल गाडीतील डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारी गाळणी) किंवा ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा) निकामी करणे हा मात्र निराळाच प्रकार आहे. तिथे वॉरंटीच्या आधी प्रदूषणाच्या नियमांचा भंग होतो.

एअर फिल्टरसारखा साधा भाग सहसा निरुपद्रवी असतो. धुऊन पुन्हा वापरायच्या कापडी फिल्टरला जास्त तेल लावले, तर ते हवामापक सेन्सरच्या तप्त तारेवर बसते आणि सेन्सर चुकीचे मोजू लागतो. सेन्सरचा दावा तेव्हा नाकारला जाईल. पिस्टनचा नाकारायचा असेल तर कंपनीला बरेच काही सिद्ध करावे लागेल.

चाके आणि सस्पेन्शन

रुंद टायर आणि बाहेरच्या बाजूला अधिक सरकलेली अलॉय चाके व्हील बेअरिंगवरचा भार वाढवतात, स्टिअरिंगच्या सांध्यांनाही ताण देतात. चाकाचा एकूण व्यास बदलला तर स्पीडोमीटर चुकतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर घालून गाडी उंच करण्याची पद्धत आपल्याकडच्या गतिरोधकांमुळे लोकप्रिय झाली, पण गळक्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दावा त्यानंतर टिकत नाही.

सीएनजी किट

मुंबई-पुण्यात बाहेरून बसवलेला सीएनजी किट हा सर्वांत जास्त पैशांचा आणि सर्वांत विचारपूर्वक केलेला फेरबदल असतो. तो बेकायदा नाही. किटला एआरएआयसारख्या (पुण्यातील वाहन संशोधन संस्था) अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता हवी, आरटीओकडून नोंदणी पुस्तकात इंधनाची नोंद हवी, आणि टाकीची जलदाब चाचणी दर ३ वर्षांनी करून घ्यावी लागते. बीएस ६ पेट्रोल गाड्यांना असा किट बसवण्यास केंद्र सरकारने २०२२ मध्ये परवानगी दिली. तरीही उत्पादक अशा गाडीच्या इंजिनाची वॉरंटी नाकारतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तेवढेच. वायुरूप इंधनात पेट्रोलसारखा ओलावा नसल्याने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, म्हणून कारखान्यातून येणाऱ्या सीएनजी गाड्यांत त्या अधिक कठीण धातूच्या असतात. व्हॉल्व्ह, सिलिंडर हेड, इंजेक्टर यांबाबत नकार समजण्यासारखा आहे. पॉवर स्टिअरिंगच्या मोटरबाबत नाही.

कायद्याची स्थिती

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हा अर्थ कायम केला. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने कलम १८२अ नव्याने घालून अनधिकृत फेरबदलास ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. ही बातमी सर्वत्र पोहोचली. त्याच दुरुस्तीतील दुसरे वाक्य फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. फेरबदलासाठीचे निकष, मान्यतेच्या अटी आणि भाग बसवण्याविषयीचे नियम केंद्र सरकार ठरवू शकेल, आणि अशा बाबतीत त्या फेरबदलाच्या कारणावरून उत्पादकाची वॉरंटी रद्द झाली असे मानले जाणार नाही, अशी तरतूद कलम ५२ मध्ये घातली गेली. मान्यताप्राप्त सीएनजी किट, किंवा अपंग चालकासाठी बसवलेली हाताने चालणारी ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी, यांच्या मालकांना तिचा आधार घेता येतो. निकृष्ट कामामुळे झालेले नुकसानही कंपनीनेच भरून द्यावे, इतका तिचा अर्थ ताणता येणार नाही. बदल केला एवढ्याच कारणाने हात झटकता येणार नाहीत, हा तिचा गाभा.

दुसरा आधार भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाचा. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. त्यात टाटा मोटर्सचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे १,३४६ कोटींचा होता. दंडाच्या आकड्याखाली झाकला गेलेला निर्देश इथे महत्त्वाचा आहे. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती रद्द करता येईल, असे आयोगाने म्हटले. काही कंपन्यांच्या अपिलावर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये आयोगाचे निष्कर्ष मान्य केले, दंड मोजण्याची पद्धत मात्र बदलली. हा निर्देश दुरुस्तीविषयी आहे, फेरबदलांविषयी थेट नाही. पण ‘नुकसान जेवढे, नकार तेवढाच’ हे सूत्र दोन्हींना लागू पडायला हरकत नसावी.

अमेरिकेत हे सूत्र १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे बरेच आधी रुजले. विशिष्ट ब्रँडचाच भाग किंवा सेवा विकत घ्या नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट घालण्यास तो कायदा सहसा मनाई करतो. याच कारणावरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनविरुद्ध कारवाई केली. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा फरक डीलरकडे पहिल्याच भेटीत जाणवावा, पण डीलरची भाषा तिथेही इथल्यासारखीच असते.

आरटीओ, विमा आणि वॉरंटी यांची गल्लत टाळायला हवी. पुढील व मागील काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, या नियमाचा भंग करणारी काळी फिल्म बेकायदा आहे. पण तिच्यामुळे गिअरबॉक्सची वॉरंटी जाण्याचे कारण नाही. बंपरपुढचा लोखंडी क्रॅश गार्ड मात्र कायदा आणि वॉरंटी दोन्हीकडे अडचणीचा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करण्यास कळवले, आणि धक्क्याचे स्वरूप बदलून तो एअरबॅगच्या सेन्सरलाही चकवू शकतो. विम्यात सीएनजी किट आणि विजेवर चालणाऱ्या जोडण्यांची स्वतंत्र नोंद करून जादा हप्ता भरावा लागतो. ती नसेल तर वॉरंटी शाबूत असूनही अपघातानंतरचा दावा अडू शकतो.

वाद आणि पुरावा

नाकारलेल्या दाव्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, तीही तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर कलम ३८ नुसार आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. व्यवहारात अडचण अशी, की तोवर गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आलेली असते आणि बिघडलेला भाग भंगारात गेलेला असतो. नकार तोंडी दिला जातो; जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रकावर) ‘बाहेरील फिटिंग’ एवढेच शब्द असतात, कोणत्या फिटिंगने कोणता भाग कसा बिघडला हे नसते. कारणासह लेखी नकार, निघालेला जुना भाग आणि त्रुटिसंकेतांची छापील प्रत या तीन गोष्टी हाती असलेल्या तक्रारीचे वजन वेगळेच असते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे या पुराव्याचे पारडे उत्पादकाकडे झुकत चालले आहे. त्यांच्या मुख्य बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी दीर्घ वॉरंटी सामान्यतः मिळते, आणि नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारांना बाहेरच्या कुणी हात लावल्यास तिच्यावर पाणी सोडावे लागते. दिवे किंवा स्टीरिओ १२ व्होल्टच्या बाजूने जोडले तरी त्यांचा भार मुख्य बॅटरीतून वीज उतरवणाऱ्या परिवर्तकावर पडतो. शिवाय यातल्या बऱ्याच गाड्या आपली माहिती इंटरनेटवरून कंपनीकडे सतत पाठवत असतात. सर्व्हिसच्या आदल्या दिवशी जोडण्या काढून ठेवण्याची जुनी युक्ती तिथे चालत नाही.