पार्श्वभूमी : मॉर्मन मिशनरी, कोरियन भाषा आणि कमी पडणारे महिने

मॉर्मन हा अमेरिकेतल्या युटा राज्यात मुख्यालय असलेला ख्रिस्ती पंथ; त्यातले तरुण ठरावीक मुदतीसाठी घर सोडून धर्मप्रसाराला जातात, त्या सेवेला मिशन म्हणतात. कोरियात काम केलेल्या अशा तरुण मॉर्मन मिशनरींबद्दल लिहिताना बहुतेकांचं लक्ष धर्मप्रसारावर जातं. किती दारं ठोठावली, किती बाप्तिस्मे झाले, लोक कसे वागले, असंच ते लिखाण असतं. ही पोरं कोरियन कशी शिकली आणि शिकायला त्यांना किती वेळ मिळाला, हा इतिहास सहसा वेगळा काढून सांगितला जात नाही. तो सांगायला हवा. मिशनची मुदत, प्रशिक्षण, वयाची अट याबद्दल मॉर्मन चर्चने वेळोवेळी घेतलेले निर्णय सगळ्या देशांना सारखेच लागू झाले. स्पॅनिश शिकणाऱ्याला ते सोसले. कोरियन शिकणाऱ्याचं मात्र त्यांनी अख्खं मिशन बदलून टाकलं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात असा. कोरियन युद्धात आलेले अमेरिकी सैनिक आपापल्या छोट्या प्रार्थनासभा भरवत. अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका कोरियन शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये तिथेच बाप्तिस्मा घेतला. परतल्यावर तो शिक्षण खात्यात उपमंत्री झाला आणि त्याच्या शब्दाला असलेल्या वजनामुळे मिशनरींची वाट सोपी झाली. १९५६ मध्ये पहिले दोघे जपानहून आले. कारभारही जपानमधूनच चाले. कोरियाचं स्वतंत्र मिशन, म्हणजे कारभाराचं वेगळं केंद्र, १९६२ मध्ये झालं. मॉर्मन ग्रंथाची, म्हणजे बायबलच्या जोडीने ते मानतात त्या धर्मग्रंथाची, पूर्ण कोरियन आवृत्ती निघाली १९६७ मध्ये. म्हणजे पहिली अकरा वर्षं ही पोरं ज्या ग्रंथाबद्दल बोलत होती, तो संपूर्ण ग्रंथ ऐकणाऱ्याच्या भाषेत त्याच्या हाती ठेवता येत नव्हता.

भाषेचं औपचारिक शिक्षण त्या पहिल्या तुकड्यांना मिळालंच नाही. उतरायचं, आधीच्या मिशनरीबरोबर राहायचं आणि कानावर पडेल ते उचलायचं. पण तेव्हा परभाषी मुलखातलं मिशन अडीच वर्षांचं असे, त्यामुळे पहिलं वर्ष चाचपडण्यात गेलं तरी पुढे दीड वर्ष उरायचं. चर्चचा पहिला भाषावर्ग १९६१ च्या अखेरीस युटातल्या प्रोव्होमध्ये सुरू झाला, तोही लॅटिन अमेरिकेच्या व्हिसासाठी खोळंबलेल्या पोरांकरता. कोरियनची पाळी आली १९६९ च्या सुमारास, जेव्हा आशियाई आणि पॉलिनेशियन भाषांचे वर्ग हवाईतल्या लाये गावी भरू लागले. १९७६ मध्ये सगळं पुन्हा प्रोव्होत एका आवारात आलं. नुकतेच मिशनवरून परतलेले विद्यार्थी तिथे शिकवत आणि साधारण दोन महिन्यांत पोरगं विमानात बसत असे.

दोन महिन्यांत काय होतं? हांगुल लिपी पक्की होते. आज चोवीस मूलभूत अक्षरांची असलेली ही लिपी पंधराव्या शतकात मुद्दाम सोपी म्हणूनच घडवली गेली, चार-आठ दिवसांत वाचता येते. अडचण त्यापुढे आहे. अमेरिकी परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना कोरियन शिकवायला २२०० तास लागतील असं धरतं; स्पॅनिशला त्याच्या साधारण एक तृतीयांश पुरतात. क्रियापद शेवटी येणं, नामाला मागून प्रत्यय लागणं, समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलणं, यातलं काहीच इंग्रजीत वाढलेल्या मुलाच्या ओळखीचं नसतं. (मराठी माणसाला यातलं बरंच घरचं वाटतं. रांजणगाव-चाकण पट्ट्यातल्या कोरियन कंपन्यांमुळे पुण्यात जे कोरियन शिकतात, त्यांची वाक्यरचना अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा लवकर बसते ती यामुळेच.) आकडेही दोन तऱ्हेचे. घड्याळातले तास देशी आकड्यांत सांगायचे आणि मिनिटं चिनी मुळाच्या आकड्यांत.

त्यात या पोरांचा शिकण्याचा क्रमही उलटा. सर्वांत आधी येते प्रार्थना, म्हणजे भाषेतला अत्यंत आदराचा, नम्र थर. मग साक्ष देणं, म्हणजे आपली श्रद्धा बोलून दाखवणं, मग ठरलेले धर्मपाठ. भाजीवाल्या आजीशी बोलायची भाषा सर्वांत शेवटी. त्यामुळे नवा मिशनरी पापक्षालनावर दोन वाक्यं नीट बोलत असे, पण पाण्याचा नळ बिघडलाय हे घरमालकिणीला सांगताना त्याची गाडी अडे. शाळकरी मुलं एकेरीत बोलू लागली की त्याला काही कळत नसे, कारण एकेरी रूपं त्याला कुणी शिकवलेलीच नसत.

सत्तरचं दशक आणि ऐंशीच्या दशकाची सुरुवात हा या मिशनचा सर्वांत भरलेला काळ. दिवस सकाळी साडेसहाला सुरू. न्याहारी, शास्त्रवाचन, सोबत्याबरोबर (मिशनरी जोडीने राहतात) अभ्यास, त्यातला एखादा तास भाषेचा. मग दिवसभर बाहेर, रात्री साडेनऊच्या आसपास खोलीवर, साडेदहाला दिवे बंद. एकटं कुठेही जायचं नाही. कपडे धुणं, खरेदी, घरी पत्र हे सगळं आठवड्यातल्या एकाच तयारीच्या दिवशी. जमीन तापवणाऱ्या ओंदोलच्या खोलीत झोपायचं. खाली जळणाऱ्या भोकांच्या कोळसावड्यांचा विषारी वायू फटीतून आत येऊन त्या काळात दर हिवाळ्यात कोरियन कुटुंबं दगावत, त्यामुळे फरशीच्या भेगा तपासणं हासुद्धा दिनक्रमाचा भाग होता. मध्यरात्री बारा ते पहाटे चार देशभर संचारबंदी. महिन्याच्या पंधरा तारखेला नागरी संरक्षणाचा भोंगा वाजला की रस्ता थांबे. संध्याकाळी ध्वज उतरवताना राष्ट्रगीत लागलं की माणसं होती तिथे उभी राहत आणि ही पोरंही राहत.

या दिनक्रमाची भाषेला मोठी मदत होती. खोलीत टीव्ही नाही, घरी फोन क्वचितच, इंग्रजी मासिकं नाहीत. चर्चमधल्या कुटुंबांकडे जेवण असे आणि तिथे तासभर कोरियनच कानावर पडे. दारू, चहा आणि कॉफी वर्ज्य असल्यामुळे वडीलधाऱ्याने पुढे केलेला पेला नाकारायची पाळी वारंवार येई. मोठ्याच्या हातचा पेला परत करणं तिथे अपमानाचं मानतात, म्हणून नकाराची चार आर्जवी वाक्यं प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच पाठ करावी लागत. भाजलेल्या सातूचं पाणी, बोरीचा, मात्र चालत असे, कारण त्यात चहाचं पान नसतं. नावपट्टीवर 'चांगनो' म्हणजे वडीलजन असं पद असे. प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचा मोठा पगडा असलेल्या त्या देशात हे पद केस पिकलेल्या गृहस्थांचं, त्यामुळे एकोणीस वर्षांच्या गोऱ्या पोराला त्याचा खुलासा सतत करावा लागे. त्या खुलाशातूनही भाषा वाढली. भाषेच्या आड एकच गोष्ट येई, ती म्हणजे मोफत इंग्रजी वर्ग. लोकांना जोडून घ्यायला तो उत्तम मार्ग होता, पण त्या तासांत मिशनरी इंग्रजीत बोलत. रस्त्यावरही अनेकांना त्याच्याकडून धर्म नको असे, इंग्रजीचा सराव हवा असे.

अशा वेळी, एप्रिल १९८२ मध्ये, मुलग्यांच्या मिशनची मुदत दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणली गेली. अडीच वर्षांचं मिशन तोवर दोन वर्षांवर आलेलंच होतं. त्यातले आणखी सहा महिने गेले. कारण आर्थिक होतं आणि ते खोटं नव्हतं. मिशनचा खर्च मिशनरी आणि त्याचं कुटुंब उचलतं, तेव्हा प्रत्येक देशाचा खर्च वेगळा असे, आणि अमेरिकेत तो मंदीचा काळ होता. मुदत कमी केली तर जास्त घरांतली मुलं जाऊ शकतील, हा विचार समजण्यासारखा आहे. समर्थक असंही म्हणत की उत्साह शेवटच्या सहा महिन्यांत ओसरतो, मग ते महिने हवेत कशाला.

कोरियापुरतं हे गणित साफ चुकलं, असं माझं स्पष्ट मत आहे. अठरातून प्रशिक्षणाचे दोन गेले की उरतात सोळा. कोरियात सेवा केलेले बहुतेक जण प्रगतीचा जो आलेख सांगतात तो असा : सहा महिन्यांनी ठरलेले पाठ नीट म्हणता येतात, वर्षभराने समोरच्याचं उत्तर पूर्ण कळतं, आणि त्यानंतर कुठे तयार वाक्यं सोडून माणसाशी माणसासारखं बोलता येतं. म्हणजे कापलेले सहा महिने हा दोन वर्षांचा नुसता चौथा हिस्सा नव्हता. तो मोकळेपणाने बोलता येण्याच्या काळाचा निम्म्याहून मोठा हिस्सा होता. रोजचा एक तास धरला तर दोन वर्षांच्या पूर्ण मिशनमध्येही पुस्तकी अभ्यास सातशे तासांच्या आसपास भरतो. २२०० पर्यंतची बाकीची मजल रस्त्यावर, बसमध्ये, लोकांच्या माजघरातच मारायची असते. तोच रस्ता आखूड केला गेला.

दुसरा परिणाम लवकर दिसत नाही, पण मला तो जास्त गंभीर वाटतो. नव्याला शिकवणारा कुणी पगारी शिक्षक नसतो, त्याचा थोरला सोबती असतो. मुदत दोन वर्षांची होती तेव्हा हा थोरला साधारण वर्ष-दीड वर्ष मुरलेला असे. अठरा महिन्यांत आठ-नऊ महिन्यांच्या पोरालाच थोरलं करावं लागतं. त्याच्या चुका धाकट्याकडे जातात, धाकटा काही महिन्यांत थोरला होतो, आणि कोरियन माणसाच्या कानाला खटकणारी वाक्यं त्या मिशनची परंपरा बनून बसतात. यावर उतारा म्हणजे कोरियन सोबती. पण कोरियन तरुणाला तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत अडीच वर्षांच्या आसपास काढावी लागत. त्यावर मिशनची भर, शिवाय विद्यापीठाचा खोळंबा. त्यामुळे असे सोबती सर्वांच्या वाट्याला येत नसत.

१९८४ च्या अखेरीस निर्णय मागे घेतला गेला आणि जानेवारी १९८५ पासून दोन वर्षं परत आली. मधल्या अडीच-तीन वर्षांतल्या तुकड्या कायमच्या अर्ध्यात राहिल्या. त्यांच्यातले काही पुढे स्वतःच्या खर्चाने कोरियात परतून भाषा पुरी करून आले, हे त्यांचं मोठेपण. या वादात एक बाजू तेव्हाही कुणी लावून धरली नाही आणि आजही फारशी धरली जात नाही. मुली सत्तरच्या दशकापासून अठराच महिने सेवा करत होत्या. तीच भाषा, तेच रस्ते, तेवढेच तास. मुलग्यांना अठरा महिने अपुरे ठरले म्हणून निर्णय फिरवला, पण मुलींची मुदत तीच राहिली. त्यांच्यातल्या कित्येक जणी त्या मुदतीत उत्तम कोरियन बोलू लागल्या. त्यासाठी त्यांना किती जास्त राबावं लागलं असेल, याची नोंद व्हायला हवी होती.

खर्चाची मूळ अडचण सुटायला १९९१ उजाडलं. अमेरिका-कॅनडातल्या मिशनरींसाठी देश कोणताही असो, महिन्याला सारखेच ३५० डॉलर भरायचं ठरलं. हा तोडगा नऊ वर्षं आधी निघाला असता तर मुदत कापायची वेळच आली नसती.

पुढचे बदल वेगाने आले. २००४ मध्ये नवं मार्गदर्शक पुस्तक आलं आणि धर्मपाठ शब्दशः पाठ करण्याची पद्धत गेली. आपल्या शब्दांत बोला, असा त्याचा आग्रह. माणसाशी बोलण्याच्या दृष्टीने हे योग्यच होतं. पण कोरियन शिकणाऱ्याला घोकलेल्या त्या लांबलचक पाठांतून वाक्याचा साचा मिळत असे. संकेतार्थ, कारणार्थ, आदरार्थी रूपं जिभेवर बसत. जुनी माणसं पाठांतराची आठवण काढतात ती यासाठी. ऑक्टोबर २०१२ मध्ये वयाची अट मुलग्यांना एकोणीसवरून अठरा आणि मुलींना एकवीसवरून एकोणीस झाली. त्याच वेळी, मधल्या काळात दोन महिन्यांपेक्षा वाढलेला प्रशिक्षणाचा काळ सुमारे एक तृतीयांशाने घटला. कोरियनसारख्या अवघड भाषांना तो नऊ आठवड्यांच्या आसपास उरला. मुली मोठ्या संख्येने आल्या. पण कॉलेजचं एखादं वर्षही न पाहिलेला मुलगा, कमी तयारीवर, कोरियात पोचू लागला.

देशही तोवर बदलला होता. बैठ्या घरांच्या गल्ल्या जाऊन उंच इमारती आल्या. फाटकावर पहारेकरी, दारात कॅमेरा, त्यामुळे दार उघडून दोन शब्द बोलणारी आजी भेटेनाशी झाली. दाराशी झालेल्या अशा फुटकळ संभाषणांतूनच आधीच्या पिढ्यांची भाषा घडली होती. बुसानकडच्या रांगड्या बोलीमुळे टीव्हीवर घराघरांत पोचलेला एक अमेरिकी चेहरा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मिशनरी म्हणूनच कोरियात आला होता. तशी बोली आज भुयारी रेल्वेच्या फलाटावर उभं राहून उचलता येणार नाही.

फेब्रुवारी २०१९ पासून घरी दर आठवड्याला बोलायला परवानगी मिळाली. मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी ते गरजेचं होतं, आणि मी त्याच्या बाजूने आहे. वर्षभरातच देगू शहरात कोरोना साथीचा मोठा उद्रेक झाला, तोही दुसऱ्याच एका पंथाच्या सभांतून. अनोळखी धर्मप्रचारकाकडे पाहण्याची कोरियन नजर त्यानंतर आणखी कडक झाली. परदेशी मिशनरींना देशाबाहेर हलवलं गेलं आणि प्रोव्होचं प्रशिक्षण घरबसल्या पडद्यावर आलं. साथ ओसरल्यावर वर्ग पुन्हा भरले, पण सुरुवातीचे काही दिवस ऑनलाइन घेण्याची पद्धत राहिली. कोरियात पोचल्यावर आता बरीचशी ओळखपाळख काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग ॲपवरच्या संदेशांतून होते. लिहिलेलं कोरियन सावकाश वाचता येतं, अडलं तर फोन भाषांतर करून देतो. त्यामुळे आजच्या मिशनरीचं वाचन आधीच्या पिढीपेक्षा लवकर सुधारतं आणि समोरासमोर, न थांबता बोलायची वेळ आली की तो पूर्वीपेक्षा उशिरा मोकळा होतो.