आमदारांच्या शिबिरात दाखला काढताय? अर्ज, कागदपत्रं आणि अपील यांची माहिती

अधिवेशन संपलं की आमदारांचा कार्यअहवाल घरोघर येतो. कोणती विधेयकं मंजूर झाली, कोणत्या रस्त्याला निधी मिळाला, आणि शेवटच्या पानावर पुढच्या शिबिराची तारीख: 'उत्पन्न, रहिवासी, जातीचे दाखले एकाच छताखाली'. शिबिरं उपयोगी आहेत, यात वाद नाही. महसूल खात्याची मंडळ पातळीवरची महाराजस्व शिबिरंही याच धर्तीवर भरतात. पण तिथे मिळणारा दाखला कुणाच्या कृपेचा नसतो. याच विधिमंडळाने मंजूर केलेल्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने तो ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे. 28 एप्रिल 2015 पासून हा कायदा लागू आहे. तरी अहवालात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

पात्र कोण? त्या त्या सेवेच्या अटींत बसणारी कोणतीही व्यक्ती. कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' ठरणारी संस्थासुद्धा यात येते. मात्र सेवा अधिसूचित असली पाहिजे, म्हणजे खात्याने ती यादीत घालून तिची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि दोन अपील अधिकारी जाहीर केलेले असले पाहिजेत. ही माहिती कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. तो फलक कधीकधी कपाटामागे सापडतो, पण मागा. गल्लीतला खड्डा किंवा नवा पूल या गोष्टी या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी आमदारांकडेच जावं, ते त्यांचं काम आहे.

उदाहरणाला उत्पन्नाचा दाखला घेऊ, कारण जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी सगळी धावपळ त्याचीच असते. मुदत 15 दिवस. ओळखीचा एक पुरावा (आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांपैकी काहीही) आणि पत्त्याचा एक पुरावा (शिधापत्रिका, वीजबिल, घरपट्टीची पावती वगैरे) लागतो. उत्पन्नाचा पुरावा प्रत्येकाचा वेगळा. नोकरदाराला फॉर्म 16 किंवा आयकर विवरणपत्र, निवृत्तिवेतनधारकाला बँकेचं प्रमाणपत्र. शेतकऱ्याला सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा अहवाल. सोबत स्वयंघोषणापत्र. अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो. तो 'आपले सरकार' संकेतस्थळावर घरबसल्या करा, सेतू केंद्रातून करा किंवा शिबिरात करा, कायद्याच्या लेखी फरक नाही.

आमदारांचं शिफारसपत्र या यादीत कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. मुद्रांकही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये किमान मुद्रांक शुल्क 100 वरून 500 रुपये झालं, तेव्हा दाखल्यासाठी 500 चा स्टॅम्प आणा असं अनेकांना सांगितलं गेलं. मार्च 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना हे शुल्क लागणार नसल्याचं जाहीर केलं. साध्या कागदावरचा स्वसाक्षांकित मजकूर पुरतो. तरीही कुणी स्टॅम्पवर अडून बसलं, तर 'हे लेखी द्या' एवढंच म्हणा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

शिबिरात खरी मेख वेगळीच असते. टेबलावरचा कार्यकर्ता वहीत नाव आणि फोन नंबर लिहून घेतो, कागदांच्या झेरॉक्स ठेवून घेतो आणि 'फोन येईल' म्हणतो. हा अर्ज नव्हे. अर्ज झाला याची खूण म्हणजे पोच: त्यावर तारीख, ठिकाण, अर्जाचा स्वतंत्र क्रमांक आणि सेवा कधीपर्यंत मिळणार ती मुदत, एवढं सगळं असलं पाहिजे. त्या क्रमांकावरून अर्ज कुठे पोचला हे ऑनलाइन पाहता येतं. पोच नसेल तर मुदत सुरूच झालेली नाही, मग उशीर झाला असं म्हणायचं कशाच्या आधारावर? मुदत मोजली जाते ती सर्व बाबतीत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्यामुळे कागद कमी असेल तर कोणता ते तिथल्या तिथे विचारून जोडा, नाहीतर पंधरा दिवसांनी 'त्रुटी' म्हणून अर्ज परत येतो.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी द्यावं लागतं. अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं हेही त्यात सांगावं लागतं. नामंजुरीचा आदेश मिळाल्यापासून किंवा मुदत उलटल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. सबळ कारण असेल तर जास्तीत जास्त 90 दिवसांपर्यंत ते दाखल करून घेतलं जाऊ शकतं, पण त्यावर विसंबू नये. हे अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. त्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा. निर्णय पटला नाही तर त्यानंतर 30 दिवसांत दुसरं अपील करता येतं. पहिल्या अपिलावर काहीच उत्तर नसेल तर ते दाखल केल्यापासून 45 दिवसांनी दुसरं अपील करा.

वाजवी कारणाशिवाय सेवा दिली नाही, असं अपिलात ठरलं तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होतो आणि तो त्याच्या पगारातून वसूल होतो. त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. ही रक्कम अर्जदाराला मिळत नाही, त्यामुळे भरपाई म्हणून तिच्याकडे पाहू नका. आकडा किरकोळ वाटेल, पण अपील क्रमांक पडला की फाइल हलते ती दंडाच्या भीतीपेक्षा नोंद राहण्याच्या भीतीने, असं माझं मत आहे.

दुसऱ्या अपिलाचा निकालही मान्य नसेल, तर 60 दिवसांत तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे करता येतं. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर अशा विभागांसाठी आयुक्तपदं आहेत. मुंबई शहर आणि उपनगर मुख्य आयुक्तांकडे येतं. तिथे जाताना मूळ पोच, नामंजुरीचा आदेश आणि आधीच्या दोन्ही अपिलांचे निकाल सोबत ठेवा.