दोन ठोक्यांमधले अंतर

साक्रीकडच्या एखाद्या आरोग्य केंद्रात आजी सांगते, "छातीमा धडधड व्हस." ईसीजी निघतो आणि पट्टीचा फोटो धुळ्याच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर जातो. हृदयाची नोंद अशी लांबच्या जाणकारापर्यंत पोचवणे जुनेच आहे. लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी १९०५ मध्ये रुग्णालयातल्या रुग्णांचे हृदयसंकेत टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत आणले होते. ईसीजीवरच्या पी, क्यू, आर, एस, टी या खुणांची नावेही त्यांचीच. १९२४ चे नोबेल त्यांना मिळाले.

अडचण अशी, की धडधड दवाखान्यात येईपर्यंत थांबलेली असते. अमेरिकेतल्या मोंटानाच्या नॉर्मन हॉल्टर यांनी म्हणून यंत्रच माणसाच्या पाठीवर दिले. १९४० च्या दशकातले ते ओझे ३८ किलोंच्या आसपास होते. पुढे ते आटोपशीर झाले, दिवसभराची नोंद होऊ लागली. पण मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाचे लाखभर होतात. ते डोळ्यांनी कोण तपासणार? संगणकाची खरी गरज इथे पडली.

त्याला आधी ठोका ओळखायला शिकवावे लागले. १९८५ मध्ये जियापू पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी मांडलेली रीत मला आजही फार देखणी वाटते. सेकंदाला साधारण ५ ते १५ आवर्तनांचा पट्टा तेवढा ठेवायचा, म्हणजे श्वासाचे हेलकावे आणि स्नायूंची थरथर बरीच गळते. मग चढ-उतार किती तीव्र आहे ते काढायचे, त्याचा वर्ग करायचा आणि छोट्या सरकत्या खिडकीत सरासरी घ्यायची. आर शिखर, म्हणजे ठोक्याचे सर्वांत उंच टोक, उठून दिसते. दोन शिखरांमधली अंतरे कोणत्याच ठेक्यात बसेनात आणि त्याच्या आधीची छोटी पी लाटही सापडेना, तर एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरण्याचा, संशय घ्यावा. त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. वेळेवर कळले तर औषधाने धोका बराच कमी होतो.

अशा रीती पारखल्या जातात त्या मुख्यतः बोस्टनच्या नोंदींवर. १९७५ ते १९७९ दरम्यान गोळा केलेल्या, ४७ जणांच्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी. त्यांतल्या सुमारे १,१०,००० ठोक्यांवर हृदयतज्ज्ञांनी खुणा केल्या. मतभेद झाले तिथे चर्चेने निर्णय घेतला. संगणकाच्या हुशारीमागे ही माणसांची मेहनत आहे, ती विसरू नये.

त्या नोंदींत सेकंदाला ३६० आकडे, म्हणजे हृदयसंकेताची ३६० मोजमापे, आहेत. अमेरिकेतल्या ६० हर्ट्‌झ (सेकंदाला ६० आवर्तने) विजेची गुणगुण गाळायला तो आकडा सोयीचा. धुळे-नंदुरबारची वीज ५० हर्ट्‌झची. बारीकशी पी लाट शोधायची असेल, तर गाळणीही ५० ची लावावी लागते. आणि हे सगळे चालते ते आकड्यांवर. फोटोतून रेघ वाचून आकडे परत काढता येतात, पण पट्टी चुरगळलेली किंवा फोटो तिरका असेल तर चूक होते. म्हणून यंत्रात सोय असेल तिथे मूळ फाइलच धुळ्याला पाठवावी.