नकाशा वापरला म्हणजे बियाणं ‘बीटी’ झालं का?

‘जनुकांचा नकाशा (कोणतं जनुक गुणसूत्रावर कुठे आहे याची नोंद) बघून केलेलं बियाणं म्हणजे बीटीच, म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेलं’ हे पारावरचं बोलणं बरीच वर्षं फिरतंय. साफ चूक आहे ते.

एचएचबी ६७ ही संकरित बाजरी घ्या. हरियाणा-राजस्थानच्या कोरडवाहू पट्ट्यासाठी १९९० मध्ये आलेली, जेमतेम ६५ दिवसांत काढणीला येणारी, म्हणून लाडकी. पुढे तिला गोसावी रोग लागू लागला. (कणसाच्या जागी पानांच्या जटा फुटतात, नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी!) हिसारचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने तिच्या नर वाणात (संकरित बियाणं नर आणि मादी अशा दोन वाणांतून होतं) प्रतिकारशक्ती आणली ती दुसऱ्या बाजरीतूनच, साध्या संकराने. प्रतिकाराची जनुकं बाजरीच्या ७ गुणसूत्रांवर नेमकी कुठे बसलीत, हे नकाशाने सांगितलं. त्यामुळे कोवळ्या रोपाच्या पानातला डीएनए तपासून कोणतं ठेवायचं, कोणतं टाकायचं ते ठरवता आलं. रोग पडण्याची वाट बघायला नको. मादी वाण तर जुन्याच पद्धतीने सुधारला. २००५ मध्ये सुधारित वाण शेतात आला.

बीटी कापसात जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. इथे बाजरीत बाजरीच आहे.