कागद मेक्सिकोत, माणूस माद्रिदमध्ये

1943 साली मेक्सिकोतल्या लेओन शहरात इतिहासकार गाब्रिएल साल्दिवार यांच्या हाती गिटारवादनाचं एक जुनं हस्तलिखित आलं. पानावर पाच आडव्या रेघा, म्हणजे त्या काळच्या गिटारच्या पाच जोडतारा. रेघांवर आकडे मांडलेले, कुठल्या पडद्यावर बोट दाबायचं ते सांगणारे. अभ्यासाअंती हे संगीत सान्तियागो दे मुर्सिया या स्पॅनिश वादकाचं ठरलं.

मुर्सियाबद्दल तोवर मुख्य आधार होता त्याच्याच ग्रंथाचा. त्याच्या छपाईसाठीचे तांब्याचे पत्रे 1714 मध्ये अँटवर्पला कोरले गेले. मुखपृष्ठावर तो स्वतःला स्पेनची राणी मारिया लुइसा गाब्रिएला हिचा गिटारशिक्षक म्हणवतो. राणी मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत वारली. मग पुढे त्याचं काय झालं?

हस्तलिखित मेक्सिकोत सापडलं, त्यात कुंबेसारखे आफ्रिकी वळणाचे नाच आहेत, तेव्हा स्वारी मेक्सिकोला गेली असणार, असा तर्क निघाला. तो वेडगळ नव्हता. पण त्याला पाठबळ देणारा एकही अस्सल कागद नव्हता, आणि तरीही तो वर्षानुवर्षं एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत राहिला. मला हे फार खटकतं. दहा जणांनी एकाच्याच आधाराने लिहिलं, तर पुरावे दहा होत नाहीत.

उत्तर माद्रिदच्या दप्तरांत होतं. चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी असतात. अडचण नावाची. त्या नावाची माणसं गावात आणखीही असू शकतात. म्हणून नुसतं नाव जुळून भागत नाही. एका नोंदीतले आईवडील, दुसरीतली बायको, तिसरीतला व्यवसाय अशी कडीला कडी जुळवावी लागते. चिलीतले संशोधक आलेहांद्रो बेरा यांनी हे चिकाटीचं काम केलं आणि 2008 मध्ये मांडलं. जन्म माद्रिद, 1673. बायको होसेफा गार्सिया. मृत्यूही माद्रिदमध्येच, 1739 साली. मेक्सिकोला कागद गेले होते. 1722 चं त्याचं आणखी एक हस्तलिखित तर थेट चिलीत निघालं.

यामुळे संगीताचा अर्थही बदलतो. कुंबेचा ठेका ऐकायला मुर्सियाला समुद्र ओलांडायची गरज नव्हती. सेव्हिल, कादिससारख्या बंदरांत गुलाम म्हणून आणलेले आणि स्वतंत्र झालेले आफ्रिकी लोक कितीतरी आधीपासून राहत होते, आणि त्यांचे नाच स्पेनमध्ये रुळले होते.

मला मात्र सगळ्यात जास्त चटका लावला तो एका साध्या कागदाने. मृत्युपत्रात लिहावं असं काहीच गाठीशी नसलेली माणसं तेव्हा माद्रिदमध्ये गरिबीचं निवेदन नोंदवत. राणीच्या गिटारशिक्षकाचं तसंच निवेदन सापडलं आहे.