संसार मोडला, तरी गाणं सुरूच राहिलं : कंट्री संगीतातल्या युगलगीतांची पार्श्वभूमी

1976च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कंट्री गाण्यांच्या, म्हणजे दक्षिणेतल्या ग्रामीण लोकसंगीतातून वाढलेल्या गाण्यांच्या, लोकप्रियतेच्या यादीत ‘गोल्डन रिंग’ पहिल्या क्रमांकावर पोचलं. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांनी गायलेलं हे युगलगीत एका अंगठीची गोष्ट सांगतं. शिकागोतल्या एका गहाणवटीच्या दुकानात एक तरुण जोडपं काचेमागच्या अंगठ्या न्याहाळत उभं असतं. परवडणारी एक अंगठी ते घेतात, छोट्याशा चर्चमध्ये लग्न लावतात. पुढच्या कडव्यात दोन खोल्यांच्या घरात शेवटचं भांडण होतं, ती अंगठी भिरकावून निघून जाते आणि शेवटी अंगठी त्याच दुकानात पुन्हा विक्रीला येते. गीतकार बॉबी ब्रॅडक यांना ही कल्पना एका पिस्तुलाच्या प्रवासावरचा टीव्ही कार्यक्रम पाहून सुचली होती. पण ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनं ही गोष्ट जॉर्ज आणि टॅमीचीच होती, कारण 1969 साली झालेलं त्या दोघांचं लग्न 1975 साली मोडलं होतं. विभक्त झालेले नवरा-बायको एका माइकवर लग्नाच्या अंगठीचं गाणं गातात आणि लाखो लोक ते आपलंसं करतात, हे कंट्री संगीताबाहेर कुठे घडलं असतं असं मला वाटत नाही. तिथे ते का घडू शकलं, याची मुळं त्याच्या अर्धशतक आधीच्या काळात आहेत.

आपल्याला युगलगीताची सवय लागली ती सिनेमामुळे. लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी प्रेमाचं गाणं गातात तेव्हा ते प्रेम पडद्यावरच्या नायक-नायिकेचं असतं, गायकांचं नव्हे, हे आपल्याला ऐकतानाच ठाऊक असतं. कंट्रीत मध्ये पडदा नाही. जो गातो, तोच त्या गाण्यातला माणूस, असा ऐकणाऱ्याचा पक्का समज असतो. हा समज तयार व्हायलाही सबळ कारण होतं : हे संगीत रेकॉर्डवर आलं, तेच मुळी घरातून उठून.

ऑगस्ट 1927. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात तात्पुरता स्टुडिओ थाटून बसले होते. डोंगराळ भागातले गाणारे-वाजवणारे तिथे येत आणि गाणी ध्वनिमुद्रित करून जात. त्यांत व्हर्जिनियातून आलेलं कार्टर कुटुंब होतं : ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि साराची चुलतबहीण मेबेल. मेबेल ही ए. पीं.च्या भावाची बायको, म्हणजे साराची जाऊही. वय अठरा, पोटात मूल. मुख्य आवाज साराचा, खणखणीत आणि सरळ. मेबेल अंगठ्यानं गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटांनी पातळ तारांवर ठेका धरायची. साथीचं वाद्य मानलेली गिटार तिच्या हातात स्वतः गाऊ लागली आणि पुढच्या कित्येक पिढ्या ती पद्धत शिकत राहिल्या. ए. पी. मधेच मनाला येईल तेव्हा सूर मिसळायचे.

घरी बसून गावं तसं हे गाणं होतं आणि ते विकलं गेलं तेही ‘कुटुंबाचं गाणं’ म्हणूनच. पण ए. पी. गाणी गोळा करायला महिनोन् महिने भटकत असत आणि घर साराच्या माथी. 1930च्या दशकात दोघं विभक्त झाले, पुढे घटस्फोट झाला. तरीही ते एकत्र रेकॉर्डिंग करत राहिले आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या दणदणीत ताकदीच्या रेडिओ केंद्रांवरून एकत्र गात राहिले. रेडिओवर ऐकू येणारं कुटुंब घरात उरलेलं नव्हतं. जॉर्ज आणि टॅमीच्या आधी चाळीस वर्षं हे घडून गेलं होतं.

त्याच ब्रिस्टलमध्ये, त्याच आठवड्यात जिमी रॉजर्स नावाचा रेल्वेत काम केलेला तरुणही पीअर यांच्यासमोर गाऊन गेला. 1931 साली लुईव्हिलमध्ये पीअर यांनी रॉजर्स आणि कार्टर कुटुंबाला एकत्र आणलं. रॉजर्स कार्टरांच्या घरी पाहुणा म्हणून आला आहे, गप्पा होताहेत, मग गाणी होताहेत, असा प्रसंग रचून त्यांनी तो रेकॉर्डवर घेतला. रॉजर्स क्षयानं इतका थकला होता की त्याच्या वाट्याची गिटार मेबेलनं वाजवली, असं सांगतात. दोन वर्षांनी तो गेला. दोन मोठी नावं एकाच तबकडीवर आणून विकण्याची युक्ती कंट्रीत इतकी जुनी आहे, आणि तिलाही रूप दिलं होतं ते घरातल्या बैठकीचं.

पुढच्या दशकात भावांच्या जोड्यांचा काळ आला : डेलमोर बंधू, मन्रो बंधू, मग अलाबामाचे लूव्हिन बंधू. एक भाऊ मूळ चाल धरतो, दुसरा तिच्यावर चिकटून उंच स्वर लावतो. ही सवय चर्चमधल्या सामूहिक गाण्यातून आलेली. आयरा आणि चार्ली लूव्हिन तर ओळीच्या मध्यात आपापले स्वर बदलत, आणि कोण कुठे गेला हे कान देऊन ऐकलं तरी सांगता येत नाही. एका घरात, एका बोलीत वाढलेल्या दोघांचे उच्चारही तंतोतंत जुळतात. पण भावांचंही जमतंच असं नाही. लूव्हिन बंधू 1963 साली वेगळे झाले आणि 1965 साली आयरा मोटार अपघातात गेला. एव्हर्ली बंधूंनी हीच शैली रॉक अँड रोलच्या पिढीपर्यंत नेली. तेही 1973 साली भर कार्यक्रमात तुटले आणि दहा वर्षांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पुन्हा एकत्र उभे राहिले.

भावांच्या गाण्यात दोन आवाजांचा एक व्हायचा. स्त्री-पुरुषाच्या युगलगीतात दोन आवाजांनी एकमेकांसमोर उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी आधी बाईला उलट बोलायची मुभा मिळायला हवी होती. ती 1952 साली किटी वेल्सनं मिळवली. हँक टॉम्सनच्या एका गाजलेल्या गाण्यात दारूच्या गुत्त्यात रमलेल्या बायकोला दोष दिला होता. त्याला उत्तर म्हणून लिहिलेलं, अशा बायकांना बिघडवणारे पुरुषच असतात असं बजावणारं गाणं किटीनं गायलं. स्टुडिओत जाण्याचे 125 डॉलर मिळतील एवढ्याच हिशेबानं ती तयार झाली होती. काही रेडिओ केंद्रांनी गाणं लावायला नकार दिला, ‘ग्रँड ओल ऑपरी’ या कंट्रीच्या प्रतिष्ठित रेडिओ कार्यक्रमानंही सुरुवातीला ते गाऊ दिलं नाही. तरीही ते पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि कंट्रीच्या यादीत एकट्या गायिकेनं तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. दोन वर्षांनी किटीनं रेड फोलीबरोबर ‘वन बाय वन’ गायलं, तेही पहिलं आलं. माझ्या मते कंट्री युगलगीताचा खरा पाया म्हणजे किटीचं ते उत्तर. सवाल-जवाब आधी दोन वेगळ्या रेकॉर्डींवर झाला, मग एका.

1960च्या दशकात टीव्हीनं या जोड्यांना चेहरा दिला. पोर्टर वॅगनर यांचा साप्ताहिक कार्यक्रम दक्षिणेतल्या घराघरांत पाहिला जायचा. अंगात बैलगाडीच्या चाकांचं भरतकाम केलेले चमचमते सूट आणि शेजारी एक गायिका. 1967 साली ती जागा एकवीस वर्षांच्या डॉली पार्टनला मिळाली. प्रेक्षक आधीच्या नॉर्मा जीनच्या नावानं ओरडत. त्यांनी डॉलीला स्वीकारावं म्हणून पोर्टर तिच्याबरोबर युगलगीतं गाऊ लागले आणि त्या गाण्यांनीच तिचं बस्तान बसलं. पण पाच वर्षं राहायचं म्हणून आलेल्या डॉलीला सात वर्षांनीही निघता येईना. बोलून भांडण मिटत नव्हतं, म्हणून तिनं निरोपाचं गाणं लिहिलं आणि पोर्टर यांच्या ऑफिसात जाऊन त्यांनाच ऐकवलं. ते ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. 1974 साली ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याच वर्षी डॉली बाहेर पडली. गंमत अशी की या जोडीचं एकमेव पहिल्या क्रमांकाचं युगलगीतही त्याच वर्षी आलं. 1979 साली पोर्टर यांनी तिच्यावर दावा ठोकला, तो कोर्टाबाहेर मिटला. कालांतरानं दोघांचं पुन्हा जमलं आणि 2007 साली पोर्टर यांच्या अखेरच्या दिवसांत डॉली त्यांना भेटायला गेली होती.

कॉन्वे ट्विटी आणि लॉरेटा लिन यांची गोष्ट याच्या उलट. दोघांचे संसार वेगळे, एकमेकांशी निखळ मैत्री. तरी श्रोत्यांना ते जोडपंच वाटायचं. 1971 ते 1975 या काळात त्यांची लागोपाठ पाच युगलगीतं पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांतलं 1974 सालचं ‘ॲज सून ॲज आय हँग अप द फोन’ मुद्दाम ऐकावं. कॉन्वे त्यात गातच नाही. टेलिफोनवरून येणाऱ्या आवाजात तो फक्त बोलतो. ती गात असते, की लोक म्हणतात तू मला सोडून चाललास, पण हे खोटं आहे ना? आणि पलीकडून तो हळूहळू कबुली देत जातो. गाणं आणि बोलणं यांच्यातलं अंतर हेच त्या दोघांमधलं अंतर होऊन बसतं. जून 1993मध्ये कॉन्वे मिझुरीतल्या स्प्रिंगफिल्डच्या इस्पितळात वारले. लॉरेटाच्या पतीवर तिथेच हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असल्यानं ती त्या वेळी त्याच इस्पितळात होती.

जॉर्ज आणि टॅमीचं मात्र सगळंच खरं होतं. लग्न झालं तेव्हा दोघांच्या कंपन्या वेगळ्या, त्यामुळे एकत्र रेकॉर्ड करता येईना. 1971 साली जॉर्ज टॅमीच्या एपिक कंपनीत आला आणि निर्माते बिली शेरिल यांनी त्यांच्या संसारालाच गाण्यांचा विषय केलं. 1972 सालच्या ‘द सेरेमनी’ मध्ये तर पाद्री लग्न लावतो आणि हे दोघं शपथा घेतात. मंचावरही ते हे गाणं सादर करत. जॉर्जचं पिणं तोवर हाताबाहेर गेलं होतं. 1973 साली टॅमीनं घटस्फोटाचा अर्ज केला, मग मागे घेतला. त्यानंतर आलं ‘वी आर गॉना होल्ड ऑन’, काहीही होवो, धरून राहू, असं म्हणणारं. ते पहिल्या क्रमांकावर गेलं, पण लग्न टिकलं नाही. जॉर्ज स्वर ओढून, वळवून, दातांत धरल्यासारखा सोडतो. टॅमी सरळ गाते आणि ऐन वेळी तिचा आवाज तुटतो. ते दोघं लग्नात होते की नव्हते, यानं त्या दोन आवाजांचं नातं बदललं नाही, म्हणूनच ‘गोल्डन रिंग’ शक्य झालं. 1995 साली त्यांनी पुन्हा एकत्र अल्बम केला. 1998 साली टॅमी गेली.

जॉनी कॅश आणि जून कार्टर यांचा संसार टिकला, हे अपवादासारखं सांगावं लागतं. जून ही मेबेलचीच मुलगी. ‘जॅक्सन’ हे दोघांचं भांडखोर गाणं 1967 सालचं, लग्न 1968 सालचं. मे 2003मध्ये जून गेली आणि सप्टेंबरमध्ये जॉनी.

यानंतर धंदा वाढत गेला, तसा घराचा आभासही गरजेचा राहिला नाही. 1976 साली गाजलेल्या ‘गुड हार्टेड वुमन’ मध्ये वेलन जेनिंग्जच्या कार्यक्रमातल्या ध्वनिमुद्रणावर विली नेल्सनचा आवाज नंतर स्टुडिओत चढवलेला आहे. ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ (1983) केनी रॉजर्सला चार दिवस एकट्यानं गाऊन जमत नव्हतं. निर्माते बॅरी गिब म्हणाले, डॉली पार्टनला बोलवा. डॉली आली आणि गाणं कंट्रीबरोबर पॉपच्या यादीतही पहिलं आलं.

पण या ‘घरा’त कोणाला घेतलं आणि कोणाला नाही, हा प्रश्न पहिल्यापासून आहे, आणि या इतिहासात तो सगळ्यांत कमी सांगितला जातो. ए. पी. कार्टर गाणी शोधत फिरायचे तेव्हा लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्यासोबत असायचा. सिमेंट कारखान्यातल्या अपघातात त्यानं पाय गमावला होता. ए. पी. शब्द लिहून घेत, रिडल चाल डोक्यात साठवे आणि घरी येऊन सर्वांना वाजवून दाखवे. मेबेलही त्याच्याकडून शिकली. कुटुंबाच्या नावात त्याला जागा नव्हती. 1965 साली लोकसंगीताचे संग्राहक माइक सीगर त्याला शोधत गेले, तेव्हा कुठे त्याचं स्वतःचं वादन ध्वनिमुद्रित झालं. 1930 साली हॉलिवूडमध्ये जिमी रॉजर्सनं ‘ब्लू योडेल नंबर 9’ गायलं, त्यात ट्रम्पेट कृष्णवर्णीय जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगचा आणि पियानो त्याची पत्नी लिल हार्डिन आर्मस्ट्राँगचा होता. रेकॉर्डच्या लेबलवर दोघांचंही नाव छापलं गेलं नाही. चाळीस वर्षांनी, 1970 साली, जॉनी कॅशनं आपल्या टीव्ही कार्यक्रमात आर्मस्ट्राँगला बोलावून तेच गाणं त्याच्याबरोबर म्हटलं आणि ती जुनी गोष्ट देशाला सांगितली.

कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्सनं 1962 साली आख्खा अल्बम कंट्री गाण्यांचा केला, तरी कंट्रीच्या यादीत तो पहिला आला ते थेट 1985 साली, ‘सेव्हन स्पॅनिश एंजल्स’ या विली नेल्सनबरोबरच्या गाण्यानं. 2019 साली गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या ‘बिलबोर्ड’ नियतकालिकानं कृष्णवर्णीय रॅपर लिल नॅस एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. त्यावर कंट्री गायक बिली रे सायरसनं त्याच्यासोबत गाऊन नवी आवृत्ती आणली आणि सर्वसाधारण यादीत ते गाणं 19 आठवडे अव्वल राहिलं.

2023 साली ल्यूक कोम्ब्स या कंट्री गायकानं ट्रेसी चॅपमनचं 1988 सालचं ‘फास्ट कार’ नव्यानं गायलं. ते कंट्री रेडिओच्या यादीत पहिलं आलं, तेव्हा असं गाणं एकटीनं लिहिणारी चॅपमन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. नोव्हेंबरात कंट्री म्युझिक असोसिएशननं तिला वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार दिला. 4 फेब्रुवारी 2024 रोजी ग्रॅमी सोहळ्यात दोघं समोरासमोर उभे राहून ते गायले. सुरुवातीची गिटार तिनं वाजवली, पहिली ओळ तिनं म्हटली. तो तिच्याकडे पाहत ओठांनी तिचे शब्द म्हणत होता, आणि काही तासांत आयट्यून्सच्या विक्रीत पहिल्या क्रमांकावर आली ती चॅपमनची मूळ, 36 वर्षांपूर्वीची रेकॉर्ड.